सणाच्या इंग्रजीतला गाळलेला कर्ता

बोलीत लिहावे की प्रमाणभाषेत, यावर दलित साहित्याच्या संदर्भात आपण भरपूर भांडलो. ते भांडण आवश्यकच होते. पण ते मराठीच्या अंगणातच राहिले. आपल्या मुलांना जी इंग्रजी शिकवली जाते ती कोणाच्या ओसरीवर बसून बोलते, हा प्रश्न आपल्या समीक्षेने अजून गंभीरपणे विचारलेला नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवली जाते. म्हणजे महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाला आलेला विद्यार्थी बारा वर्षे इंग्रजीच्या सहवासात काढून आलेला असतो. या बारा वर्षांत इंग्रजीत स्वतःच्या घराविषयी लिहिण्याची वेळ त्याच्यावर फारशी येत नाही. येते ती बहुधा एकाच निमित्ताने, सणावरच्या निबंधाच्या. म्हणून हा निबंध मला किरकोळ वाटत नाही. आपल्या समाजातल्या असंख्य मुलामुलींनी आपल्या आईबापांविषयी परक्या भाषेत लिहिलेला तो पहिला मजकूर आहे, आणि त्यात आईबाप नसतात.

मी अमरावतीला इंग्रजी शिकवतो. माझे घर अकोला जिल्ह्यातले. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिलाच. माझ्या वर्गात दर्यापूर, अंजनगाव, मूर्तिजापूर, बाळापूरकडची मुले बसतात. त्यातली बरीच सकाळी सोयाबीनच्या नाही तर कपाशीच्या रानात जाऊन आलेली असतात. त्यांच्या वह्यांत एक यादी हमखास सापडते. कोणत्या तरी गाईडातून किंवा स्पोकन इंग्लिशच्या क्लासातून उतरून घेतलेली, 'ॲडव्हान्स्ड व्होकॅब्युलरी' असे वर लाल शाईने लिहिलेली. ऑस्पिशस, फर्व्हर, गेइटी, सम्प्च्युअस, डेलिकसी, रिच्युअल, ट्रॅडिशनल अटायर, नीअर अँड डिअर वन्स. सण कोणताही असो, हे शब्द जसेच्या तसे बसवायचे. दिवाळीला बसतात, पोळ्याला बसतात, महालक्ष्म्यांना बसतात. चौदा एप्रिललासुद्धा बसवले जातात, त्याकडे पुढे येतोच.

हे शब्द मुळात वाईट आहेत असे माझे म्हणणे नाही. शब्द शिकावेत, अवघड शब्द तर अवश्य शिकावेत. माझी तक्रार त्यांच्या मांडणीविषयी आहे. सणाच्या निबंधाची इंग्रजी जवळजवळ संपूर्णपणे कर्मणी प्रयोगात चालते. हाऊसेस आर क्लीन्ड. फ्लोअर्स आर डेकोरेटेड. स्वीट्स आर प्रिपेअर्ड. बुल्स आर वर्शिप्ड. व्याकरण शिकवणारा मास्तर म्हणून मला या वाक्यांत खोट काढता येत नाही. पण कर्मणी प्रयोगाची एक सोय अशी की कर्ता गाळला तरी वाक्य पडत नाही. घरे स्वच्छ होतात, ती कोण करते हे सांगावे लागत नाही. शेण कोणी आणले, भिंत कोणी पोतारली, सणाच्या आधी पंधरा दिवस दुसऱ्याच्या वाड्यातली भांडी कोणी घासली, हे सगळे त्या 'आर'च्या मागे लपते. वऱ्हाडी बोलीत असे वाक्य बोलायचेच झाले तर माणसाची जीभ अडखळेल. 'माय घर सारवते' असेच आपण म्हणतो. कर्ता आधी येतो, काम मागून. पाठ्यपुस्तकी मराठीत 'घरे स्वच्छ केली जातात' हे वाक्य आता रुळले आहे, पण तेही इंग्रजीच्याच वळणाने आले असावे असा मला संशय आहे. पांढरपेशांच्या घरी ते चटकन रुळले यात नवल नाही, कारण तिथे घरे खरोखरच 'केली जात' होती.

ज्यांच्या नावाने आमचे अमरावतीचे विद्यापीठ ओळखले जाते त्या गाडगेबाबांनी जत्रेत जाऊन आधी हातात खराटा धरला आणि मग कीर्तनाला उभे राहिले. झाडणाऱ्याला नाव आणि चेहरा देणारा हा माणूस. त्यांच्याविषयीच्या निबंधातही आमची मुले 'द प्लेस वॉज क्लीन्ड' असे लिहितात तेव्हा गाईडाची पकड किती घट्ट आहे ते कळते.

आता पोळा घेऊ. वऱ्हाडात पोळ्याइतका मोठा सण शेतकऱ्याच्या घरी दुसरा नाही. आदल्या दिवशी बैलाची खांदेमळणी होते, त्याला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतन दिले जाते. पोळ्याच्या दिवशी गावाच्या आखरावर तोरण बांधतात, बैलजोड्या ओळीने उभ्या राहतात, झडत्या म्हटल्या जातात. मानाची जोडी आधी आणि बाकीच्या मागून, हा क्रम बैलांनाही चुकलेला नाही. तोरण तुटले की गडी बैलजोडी घेऊन घरोघर जातो. बायका बैलाच्या पायांवर पाणी घालतात, त्याला पुरणपोळी चारतात, आणि बैल धरणाऱ्या गड्याच्या हातावर बोजारा ठेवतात.

गाईडातला पोळा यातले काय सांगतो? बैल शेतकऱ्याचा मित्र आहे आणि त्या दिवशी कृतज्ञता व्यक्त केली जाते, असे सांगतो. कृतज्ञता बैलाविषयी. वर्षभर बैलाच्या मागे चालणारा, बैलाच्या आधी उठणारा आणि बैलानंतर जेवणारा जो माणूस त्या दिवशी कासरा धरून उभा असतो, तो निबंधात नसतो. ज्याच्या घरी बैलजोडी नाही त्याचा पोळा दुसऱ्याच्या कासऱ्याला धरूनच होतो. माझ्या वडिलांचे सगळे पोळे असे झाले.

बोजारा या शब्दापाशी मी वर्गात मुद्दाम थांबतो. याला इंग्रजीत काय म्हणायचे? कोणी 'गिफ्ट' म्हणते. गिफ्ट बरोबरीची माणसे एकमेकांना देतात, आणि परतफेडीची वाट पाहतात. कोणी 'टिप' म्हणते. टिप हॉटेलातल्या पोऱ्याला मिळते, बिल वेगळे चुकते झालेले असते. 'वेजेस' म्हणावे तर मजुरी ठरवून मिळते, बोजारा देणाऱ्याच्या मर्जीवर. 'आम्स' म्हणावे तर घेणारा भिकारी नाही, त्याने वर्षभर राबून तो कमावलेला आहे. या एका शब्दात हक्क आहे, उपकार आहे, थोडा मान आहे आणि पुष्कळसा अपमान आहे. इतके सगळे एकत्र बांधणारा इंग्रजी शब्द नाही, कारण ते जगणे इंग्रजांच्या गावात तसे नव्हते. दया पवारांच्या आत्मकथनाचे इंग्रजी भाषांतर जेरी पिंटो यांनी केले, ते २०१५ साली आले. त्याचे नाव इंग्रजीतही 'बलुतं'च राहिले. ओमप्रकाश वाल्मीकींचे 'जूठन' हिंदीत १९९७ला आले. अरुणप्रभा मुखर्जींनी ते इंग्रजीत नेले तेव्हा तोच शब्द पुस्तकाच्या कपाळावर ठेवला. आपल्या ताटातले उरलेले आपणच दुसऱ्या दिवशी खाल्ले तर त्याला इंग्रजीत शब्द आहे. दुसऱ्याच्या लग्नाच्या पंगतीतल्या उष्ट्या पत्रावळींवरचे गोळा करून, वाळवून, पावसाळ्यासाठी ठेवणे याला नाही. शब्द नसेल तर आपला शब्द त्या भाषेत घुसवायचा, हे काम चांगल्या भाषांतरकारांना कळले. आमच्या गाईडवाल्यांना ते कळण्याचे कारण नाही, त्यांचे गिऱ्हाईक वेगळे.

बेबीताई कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'चा (१९८६) अनुभव याहून थोडा निराळा आहे. माया पंडित यांच्या इंग्रजी भाषांतराला २००८मध्ये जे नाव मिळाले त्याचा अर्थ होतो, आम्ही तोडलेले तुरुंग. नाव दमदार आहे, पण बेबीताईंच्या शीर्षकात तुरुंगही नाही आणि तोडणेही नाही, नुसते जगणे आहे. त्या पुस्तकातले आषाढ महिन्याचे वर्णन ज्यांनी वाचले असेल त्यांना मी काय म्हणतो ते लगेच पटेल. सारवलेली घरे, न्हाऊन निघालेली पोरे, पोटभर गोडधोड, पोतराज, अंगात येणे, रेड्याचा बळी. त्या आनंदात किती दारिद्र्य आणि किती अज्ञान कालवलेले होते हे लेखिका लपवत नाही, आणि आनंद खोटा होता असेही म्हणत नाही. सणाचे वर्णन करावे ते असे. 'गेइटी' आणि 'फर्व्हर' या दोन शब्दांत ते मावणार नाही.

पोळ्यापेक्षाही विलक्षण उदाहरण गुढीपाडव्याचे आहे. गाईडात तो 'द मराठी न्यू इयर' असतो. कडुनिंब, गुढी, श्रीखंड, नवे संकल्प. वऱ्हाडातल्या सालगड्याच्या घरी पाडव्याला एक निराळाच व्यवहार होत आला आहे. त्या दिवशी जुने साल संपते आणि नवे साल ठरते. इतके रोख, इतकी ज्वारी, इतकी उचल आधी. मागच्या सालाची उचल फिटली नसेल तर ती नव्या सालावर चढते. मालकाच्या घरी वर्ष सुरू होते आणि गड्याच्या घरी वर्ष विकले जाते, एकाच सकाळी, बहुधा एकाच ओसरीवर. 'साल' हा शब्दच पाहा. मालकाला तो कालगणनेचा शब्द आहे, गड्याला कराराचा. मागे एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, साल धरनं याले इंग्रजीत काय म्हन्तेत?" तिला गाईडात उत्तर मिळाले नव्हते. त्या प्रश्नाइतकी चांगली समीक्षा मी सणाच्या साहित्यावर क्वचितच वाचली आहे.

येथे कोणी म्हणेल की इंग्रजी ही साहेबाची भाषा, ती सालगड्याचे दुःख कशी सांगेल? हा आक्षेप मला मान्य नाही. इंग्रजीत हे सांगता येते, सांगितलेले आहे. अमेरिकेत फ्रेडरिक डग्लस नावाचा गुलामीतून निसटलेला माणूस होता. ५ जुलै १८५२ रोजी रॉचेस्टर येथे त्याने भाषण केले, विषय स्वातंत्र्यदिनाचा. चार जुलैचा हा तुमचा सण गुलामाला काय सांगतो, हा त्याचा प्रश्न होता. भाषणात इंग्रजीचे सगळे वैभव आहे, बायबल आहे, वक्तृत्वशास्त्र आहे, गोऱ्यांच्या शाळेत शिकवतात ते सगळे अवघड शब्द आहेत. फक्त बोलणारा उंबऱ्याच्या दुसऱ्या बाजूला उभा आहे. त्याच्या १८४५च्या आत्मचरित्रात नाताळापासून नववर्षापर्यंत गुलामांना मिळणाऱ्या सुटीचे वर्णन येते. मालक त्या दिवसांत गुलामांनी दारू प्यावी म्हणून उत्तेजन देत, कारण सणाचा तो आठवडा बंडाची वाफ बाहेर काढून टाकी. सण हा सत्तेचाही व्यवहार असतो, हे त्याने मालकाच्याच भाषेत लिहून ठेवले. त्याच देशात 'थँक्सगिव्हिंग'च्या दिवशी १९७०पासून प्लिमथ येथे मूळ रहिवासी शोकदिन पाळतात. आणि आमच्या मुलांना पोळ्याला 'थँक्सगिव्हिंग' म्हणायला शिकवले जाते! उपमा नकळत किती चपखल बसली आहे, ते गाईड लिहिणाऱ्याच्या गावीही नसेल.

आता आपल्या घरातली गोष्ट. चौदा एप्रिल, बुद्धपौर्णिमा आणि अशोक विजयादशमी हे आपले सण. त्यांच्यावर इंग्रजी निबंध लिहिताना, पत्रिका छापताना, व्यासपीठावरून बोलताना आपलीच सुशिक्षित मंडळी 'ऑन धिस ऑस्पिशस ऑकेजन' अशी सुरुवात करतात. ऑस्पिशस या शब्दाचे मूळ रोमन लोकांच्या शकुनात आहे. पक्षी कोणत्या बाजूने उडाला हे पाहून पुरोहित दिवस चांगला की वाईट ते ठरवीत. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाने आपल्या दीक्षादिनाला शकुनाचा शब्द लावावा, हे मला खटकते. बाबासाहेबांचा पुतळा 'आयडॉल' होतो, वंदना 'वर्शिप' होते, त्रिशरण 'रिच्युअल' होते. हळूहळू शब्दांबरोबर आशयही सरकतो. फुलांच्या माळांमागून नारळ येतो, नारळामागून मुहूर्त येतो. हे सगळे इंग्रजीने केले असे मी म्हणणार नाही. पण वर्णनाची तयार भाषा उसनी घेतली की ती आपल्याबरोबर तयार श्रद्धाही घेऊन येते, एवढे तरी आपण पाहिले पाहिजे.

मात्र याला दुसरी बाजू आहे, आणि ती बुद्धानेच दाखवली आहे. 'मंगल' हा शब्दही शकुनाचाच होता. महामंगलसुत्तात मंगल कशाला म्हणावे या प्रश्नाला उत्तर येते ते आचरणाचे. मूर्खांची संगत न धरणे, आईबापांची सेवा, निर्दोष काम, दान, संयम. पक्षी नाही, नक्षत्र नाही. शब्द तोच ठेवून त्यातला ऐवज बदलला. मग 'ऑस्पिशस'चेही तसे करता येणार नाही का? कदाचित येईल. पण त्यासाठी शब्दात आधी काय भरले होते ते ठाऊक असावे लागते, आणि ते काढून टाकण्याची हिंमत लागते. यादीतून उचललेल्या शब्दाबाबत दोन्ही शक्य नसते.

बाबासाहेबांनी स्वतः हे काम इंग्रजीत दोन्ही तऱ्हांनी केले. त्यांच्या निधनानंतर १९५७ला प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी 'धम्म' हा शब्द इंग्रजीत तसाच ठेवला, 'रिलिजन'पासून तो वेगळा कसा हे सविस्तर सांगितले. दुसरीकडे उतरंडीच्या विषमतेसाठी 'ग्रेडेड इनइक्वॅलिटी' असे साध्याच दोन शब्दांचे जोडकाम केले, आणि आज जगभरचे समाजशास्त्रज्ञ ते वापरतात. हे दोन्ही शब्द कोणत्याही 'ॲडव्हान्स्ड' यादीत सापडत नाहीत. इंग्रजीवर त्यांची हुकमत होती, पण ती हुकमत अलंकारांची नव्हती.

शब्दांच्या वाटपातही उतरंड आहे, हे इंग्रजी वर्तमानपत्रे चाळली की लक्षात येते. देवस्थानाला जमतात ते 'डिव्होटीज', त्यांची होते ती 'फर्व्हर'. सहा डिसेंबरला दादरला लाखो माणसे येतात तेव्हा बातमीत 'क्राउड' येतो, 'ट्रॅफिक' येते. अपवाद असतील, पण मी इतकी वर्षे वाचतो आहे, अपवाद मोजायला एक हात पुरतो. आमच्या अमरावतीच्या अंबादेवीच्या नवरात्रावर निबंध लिहिताना मुले 'पीपल फ्रॉम ऑल वॉक्स ऑफ लाइफ' असे लिहितात. याच देवळाच्या प्रवेशाचा प्रश्न १९२७मध्ये अस्पृश्यांनी उभा केला होता, आणि त्या वर्षी नोव्हेंबरात अमरावतीला बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली होती. 'ऑल वॉक्स ऑफ लाइफ' हे चार शब्द फुकट मिळालेले नाहीत. आज लेण्याद्रीला किंवा दीक्षाभूमीला जाणाऱ्या मुलांना त्या देवळात जायचे आहे की नाही हा वेगळा प्रश्न. पण निबंध लिहिताना तो इतिहास त्यांच्या हातातून गळू नये.

मग इंग्रजी सोडायची का? हा सल्ला देणारे थोर मराठीप्रेमी मला अधूनमधून भेटतात. त्यांची नातवंडे कोणत्या माध्यमात शिकतात हे विचारले की विषय बदलतो. सावित्रीबाईंच्या 'काव्यफुले' (१८५४) या संग्रहात इंग्रजीला माउली मानणारी कविता आहे. २०१०मध्ये उत्तर प्रदेशातल्या बांका गावी चंद्रभान प्रसाद यांच्या पुढाकाराने इंग्रजीदेवीचे मंदिर उभारण्याचा घाट घातला गेला. देवी करण्याची कल्पना मला रुचत नाही, पण त्यामागची भूक मी ओळखतो. ती भूक माझ्या वर्गात रोज समोर बसलेली असते. या मुलांना बँकेची परीक्षा द्यायची आहे, पुण्याला नोकरी शोधायची आहे. त्यांना 'सम्प्च्युअस' आले पाहिजे, स्पेलिंगसह आले पाहिजे. फक्त ते कोणाच्या ताटाविषयी लिहायचे हे त्यांनी ठरवावे.

गेली काही वर्षे मी एक साधा प्रयोग करतो. सणावर निबंध द्यायचा, आणि अट एकच, कर्मणी प्रयोग बंद. प्रत्येक वाक्यात कोणी केले ते लिहायचे. पहिल्या खेपेला मुले गोंधळतात. 'हाऊसेस आर क्लीन्ड'चे 'वी क्लीन आवर हाऊसेस' होते. मी विचारतो, 'वी' म्हणजे कोण? तू केलेस की आईने? आपले घर की पाटलाचे? मग वाक्ये लांबतात, स्पेलिंगे चुकतात, व्याकरण लंगडते, आणि मजकूर जिवंत होऊ लागतो. बाळापूरकडच्या एका मुलाने लिहिले की त्याची आई महालक्ष्म्यांच्या सणाला तीन घरची पुरणे वाटून येते, म्हणून त्या दिवशी स्वतःच्या घरी तिचा हात उचलत नाही आणि बाप भाकरी थापतो. दुसरीने लिहिले की भुलाबाईची गाणी तिला सगळी येतात, पण खिरापत ओळखायच्या खेळात तिच्या आळीतल्या मुलींना कोणी बोलावीत नसे. या वाक्यांत यादीतला एकही शब्द नव्हता. नंतर त्याच मुलीने 'एक्स्क्लूड' हा शब्द शब्दकोशातून स्वतः शोधून आणला. तिला तो हवा होता.

सहकारी विचारतात, परीक्षेत याला गुण मिळतील का? प्रश्न योग्य आहे. तपासणारा अनोळखी असतो, त्याच्यापुढे गठ्ठा असतो आणि त्याची नजर ठरलेले शब्द शोधत फिरते. म्हणून मी मुलांना दोन्ही शिकवतो, आणि हे ओझे दुप्पट आहे हे लपवत नाही. वरच्या वर्गातल्या मुलाला एकच इंग्रजी शिकावी लागते, कारण त्याचे घर त्या इंग्रजीत आधीच बसवलेले असते.

'साल धरनं'चे उत्तर मात्र आम्हाला अजून मिळालेले नाही. वर्गाने चार पर्याय काढले. एक फार सौम्य होता, एक कायद्याच्या पुस्तकातला, एक चक्क गुलामीचा, आणि त्या मुलीने तो खोडून टाकला, माझा बाप गुलाम नाही म्हणाली. चौथा तिचाच होता. ही सोल्ड धिस इयर ऑन पाडवा. 'ऑन पाडवा'खाली कोणी तरी पेन्सिलीने रेघ मारून 'न्यू इयर्स डे' असे लिहिले होते. तिने ते पुसून पुन्हा पाडवा केले आणि वही माझ्याकडे दिली.